स्कूटर दर डाइव्हला अर्ध्यातच बंद पडते, वर आणली की परत चालू होते

ही स्कूटर म्हणजे पाण्याखाली डायव्हरला ओढून नेणारं बॅटरीवरचं यंत्र. लक्षण असं आहे बघा. बॅटरी फुल चार्ज करून नेली, पाण्यात उतरलो, पहिली दहा मिनिटं स्कूटर मस्त ओढते, मग टॉप गिअरला असताना एकदम लाइट लुकलुकतो आणि पंखा थांबतो. दोन-तीन मिनिटं थांबून ट्रिगर दाबला की परत फिरायला लागते, थोडी चालते, परत बंद. हळू गिअरला ठेवली तर मात्र बराच वेळ चालते. आणि बोटीवर आणून बघावं तर चार्ज ४० टक्के दाखवतंय, मग आपल्यालाच वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं असणार.

माझ्याकडे हे लागोपाठ तीन डाइव्हला झालं. पहिल्या दोन वेळा मी उतरलेल्या जागेच्या जवळच होतो म्हणून फार मनावर घेतलं नाही, तिसऱ्या वेळी १० मीटर खोलीवर जवळपास ४०० मीटर लांब गेलो होतो आणि ती जी बंद पडली ती परत चालू झालीच नाही. वर बोटींची ये-जा होती आणि माझ्याकडे एसएमबी नव्हता, म्हणजे तो फुगवून वर सोडायचा केशरी फुगा, त्यामुळे वर येऊन पोहायची हिंमत झाली नाही, बंद स्कूटर ओढत खालूनच पायातले फिन मारत परत आलो. बाहेर पडलो तेव्हा सिलिंडरमध्ये ३० बार दाबाचीच हवा उरली होती.

नंतर कागद घेऊन हिशोब केला तेव्हा हातपाय गार पडले. स्कूटर मिनिटाला ४० मीटर नेते, म्हणजे ४०० मीटर जायला १० मिनिटं. फिन मारून सगळं सामान अंगावर असताना मिनिटाला १५ मीटर धरा, म्हणजे यायला जवळपास २७ मिनिटं. जाताना मी आरामात लोंबकळत होतो, मेहनत काहीच नव्हती, येताना दम लागलेला, मिनिटाला ३० लिटर हवा धरली तर १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ६० लिटर, २७ मिनिटांचे १६०० लिटर, १२ लिटरच्या सिलिंडरमधले जवळपास १३३ बार. निव्वळ परतीचे! त्या दिवशी प्रवाह नव्हता म्हणून जमलं. अर्धा नॉट प्रवाह म्हणजेच मिनिटाला साधारण १५ मीटर, तो समोरून असता तर मी कितीही पाय मारले असते तरी जागच्या जागी राहिलो असतो.

म्हणून दुरुस्तीच्या आधी हे सांगतो. तुमची स्कूटर एकदा जरी अशी बंद पडली असेल तर कारण सापडेपर्यंत तिच्यावर लांब जाऊ नका, तिथल्या तिथे गोल फिरवा, जिथून फिन मारत आरामात परत येता येईल तेवढ्याच अंतरात. आणि नीट चालणाऱ्या स्कूटरला पण नियम हाच की हवेचा हिशोब परतीच्या फिनवर करायचा, स्कूटरच्या वेगावर करायचा नाही. गुहेत डायव्हिंग करणारे हवेचे तीन भाग करतात, एक जायला एक यायला एक राखीव, तेच बॅटरीला पण लावा. प्रवाह असेल तर सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करा, म्हणजे बंद पडली तरी तोच प्रवाह तुम्हाला परत आणतो.

आता मूळ भानगड. बॅटरीत चार्ज असूनही ती बंद का पडते? लिथियमचा एक सेल फुल असताना ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि रिकामा होत जातो तसा खाली येतो. पण जेव्हा मोटर जास्त करंट मागते तेव्हा तेवढ्यापुरता व्होल्टेज आणखी खाली बसतो, आणि बॅटरीच्या आत जो बीएमएस असतो, सेल वाचवायचं सर्किट, त्याला वाटतं की बॅटरी संपली, तो लगेच पुरवठा तोडतो. मोटर थांबली की मागणी संपली, व्होल्टेज परत वर येतो, म्हणून दोन मिनिटांनी परत चालू. म्हणजे "वर आणली की चालते" ही तक्रार ऐकली की समजायचं की एकतर मोटरवर लोड जास्त येतोय, नाहीतर बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे, नाहीतर सेल म्हातारे झालेत. थंड पाण्यात हा त्रास आणखी वाढतो, कारण थंडीत सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो.

मी तिसरं कारण गृहीत धरून आधी नवीन बॅटरी घेतली. चौथ्या डाइव्हला तेच झालं. म्हणून कळकळीने सांगतोय की बॅटरी सगळ्यात शेवटी बदला, खालच्या गोष्टी आधी बघा, त्यातल्या बऱ्याचशांना पैसा लागत नाही.

पहिलं काम, पंखा काढा. बाहेरून बघून समाधान मानू नका, नट सोडून पंखा पूर्ण काढा आणि त्याच्या मागे शाफ्टवर बघा. पण त्याआधी बॅटरी डिस्कनेक्ट करायची, हे प्लीज कोणी विसरू नका, ट्रिगर चुकून दाबला गेला तर बोटं जातात. माझ्या शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची तार गुंडाळलेली निघाली, इतकी घट्ट की वितळून एकजीव झाल्यासारखी, आणि बाहेरून त्यातलं काहीही दिसत नव्हतं. ही तार दोन प्रकारे मारते. एकतर शाफ्ट जड फिरतो म्हणून मोटर जास्त करंट ओढते, आणि दुसरं जास्त वाईट, ती शाफ्टच्या सीलमध्ये घुसून सील कापते आणि मग पाणी आत. तार काढताना सुरी सीलकडे नेऊ नका, टोक शोधून उलट्या दिशेने उलगडा, वेळ लागतो, लागू द्या. त्याच वेळी पाती पण बघून घ्या, एखादं पातं दगडाला लागून तुटलेलं असेल तर थरथर होते आणि ताकद वाया जाते.

दुसरं, कनेक्टर. बॅटरीची पिन आणि सॉकेट उजेडात धरून बघा, हिरवट काळपट काही दिसलं तर तिथेच व्होल्टेज पडतोय. याची सोपी परीक्षा म्हणजे स्कूटर पाच मिनिटं जोरात चालवून, बाहेर काढून पूर्ण कोरडी करून लगेच उघडा आणि कनेक्टरला हात लावा, बाकी वायर गार आणि कनेक्टर तेवढा गरम लागला तर चोर सापडला. मी तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन सैल होती ती बदलून घेतली. नवीन बॅटरी घेऊनही त्रास का गेला नाही ते इथे कळलं, बॅटरी बदलली पण सॉकेट तेच जुनं होतं.

तिसरं म्हणजे चालवून वेळ मोजायची, याला बर्न टेस्ट म्हणतात. पाण्याच्या टाकीत किंवा पूलमध्ये स्कूटर दोन्ही बाजूंनी पक्की बांधायची, आधी मधल्या गिअरला पूर्ण चार्जपासून बंद पडेपर्यंत चालवायची, परत चार्ज करून टॉप गिअरला, आणि दोन्ही वेळा किती मिनिटं चालली ते लिहून ठेवायचं. कोरड्यात चालवून बघू नका, शाफ्टच्या सीलला पाण्याचा ओलावा लागतो, तो नसेल तर सील घासून जातं. बांधलेली स्कूटर पुढे जात नसल्याने मोटरवर लोड जास्त येतो, म्हणून हा आकडा डाइव्हमधल्या वेळेपेक्षा कमी येणार, घाबरू नका, आपल्याला तुलना करायची आहे. मधल्या गिअरचा आकडा पहिल्यासारखाच आणि टॉपचा खूप घसरलेला, तर रेझिस्टन्स कुठेतरी वाढलाय, कनेक्टर स्वच्छ असेल तर सेल. दोन्ही आकडे सारखेच घसरले तर बॅटरीची साठवण कमी झाली, म्हणजे वयच झालं. नवीन असतानाच हे आकडे घेऊन ठेवले असतील तर फार बरं, मी घेतले नव्हते, आता दर तीन महिन्यांनी घेतो आणि वहीत लिहितो.

टाकीत सगळं ठीक आणि समुद्रात बंद, असं असेल तर आधी मशीनला दोष देऊ नका, तुम्ही तिच्यावर किती लोड टाकताय ते बघा. पाण्यात वेग वाढवायचा म्हटलं की ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायला साधारण आठपट ताकद. ही गोष्ट डोक्यात बसली की टॉप गिअरचा मोह आपोआप कमी होतो, कारण तेच अंतर निम्म्या वेगाने कापलं तर हिशोबाने चौथा हिस्सा ऊर्जा लागते, प्रत्यक्षात थोडी जास्त, पण फरक तरी प्रचंडच. मी आता मधल्या गिअरच्या वर जातच नाही, टॉप फक्त अडचणीसाठी ठेवलाय.

मग अंगाचा आडवेपणा. पाय खाली लोंबत असतील, बीसीडीत, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटमध्ये, गरजेपेक्षा जास्त हवा असेल, गेज आणि टॉर्च पोटाखाली लटकत असतील तर स्कूटर तुम्हाला न ओढता पाण्याची भिंत ढकलत असते. लटकणारी प्रत्येक वस्तू क्लिप करून अंगाला चिकटवा, आणि हे फक्त बॅटरीसाठी नाही, सैल नळी किंवा पट्टा पंख्यात ओढला गेला तर तो तुम्हाला घेऊन आत जातो. लांब केस बांधून हूडमध्ये घाला. ऑक्टोपसची, म्हणजे श्वास घ्यायच्या राखीव रेग्युलेटरची, बटणाची बाजू समोरून येणाऱ्या पाण्याकडे राहिली तर वेगात तो आपोआप हवा सोडायला लागतो, त्याचं तोंड खाली वळवून अडकवा.

ज्यांची स्कूटर दोरीने ओढणारी आहे त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा फरक टो-लाइनच्या लांबीने पडतो, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही असा माझा अनुभव. दोरी क्रॉच स्ट्रॅपच्या, म्हणजे दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याच्या, पुढच्या डी-रिंगला (कडीला) लावायची, ओढ सगळी कमरेवर यायला हवी आणि हात फक्त दिशा द्यायला, कोपर किंचित वाकलेलं. पंख्याने मागे फेकलेलं पाणी तुमच्या अंगाखालून जायला हवं. ते छातीवर किंवा मांडीवर आपटत असेल तर स्कूटर एका हाताने ओढतेय आणि दुसऱ्या हाताने मागे ढकलतेय असं समजा. माझी दोरी गरजेपेक्षा वितभर लांब होती, कमी केली आणि त्याच गिअरला वेग वाढल्याचं डोळ्याला दिसलं. हात दुखणं पण थांबलं, ते मी आधी व्यायाम कमी पडतोय म्हणून सोडून दिलं होतं.

आणि एक, गोड्या पाण्यात बॅलन्स केलेली स्कूटर समुद्रात तरंगते. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे २० लिटर पाणी सारणारी स्कूटर समुद्रात अर्धा किलोने वर ओढते, आणि तुम्ही डाइव्हभर मनगटाने तिचं तोंड खाली दाबत बसता. उलट दिशेला, समुद्रातली स्कूटर तळ्यात नेली की बुडते. कंपनीने वजनाच्या पट्ट्या दिलेल्या असतात, जागा बदलली की त्या बदला आणि उथळ पाण्यात सोडून बघा, जागेवर आडवी राहायला हवी.

या सगळ्याशी गल्लत होणारं एक वेगळं लक्षण आहे, झटके देत चालू-बंद होणं, लाइट न लुकलुकता. तो बहुतेक वेळा ट्रिगरचा प्रॉब्लेम असतो. बऱ्याच स्कूटरमध्ये ट्रिगरमध्ये लोहचुंबक असतं आणि आतल्या सेन्सरला ते बाहेरूनच कळतं, मध्ये वाळू किंवा मिठाचे खडे बसले की ट्रिगर पूर्ण दाबला जात नाही, किंवा दाबलेला परत सुटत नाही. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात भिजवताना, मेन स्विच बंद ठेवून, ट्रिगर वीस-तीस वेळा दाबून सोडा, नुसतं वरून पाणी ओतून मीठ निघत नाही.

ट्रिगर सुटलाच नाही आणि स्कूटर पळत सुटली तर काय, हे कोरड्यावर उभं राहून दहा वेळा मनात घोळवा. पहिलं म्हणजे खोली बदलू द्यायची नाही, तोंड आडवं ठेवून गोल फिरवत राहायची. मग मेन स्विच किंवा गिअर शून्यावर, नाही जमलं तर क्लिप काढून स्वतःला वेगळं करायचं. म्हणूनच टो-लाइनची क्लिप एका हाताने, हातमोजा घालून, न बघता निघायला हवी आणि कटर हाताशी हवा. पंखा हाताने अडवायचा नाही, कधीच नाही.

खोलीचं हे मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण बंद पडून अचानक परत चालू होणारी स्कूटर नेमकी इथे घात करते. आपण वैतागून ट्रिगर दाबत असतो, तोंड कुठे आहे याकडे लक्ष नसतं, आणि ती चालू होते. मिनिटाला ४० मीटर जाणारी स्कूटर सरळ वर धरली तर १० मीटरवरून पृष्ठभागावर यायला १५ सेकंद लागतात, आणि आपण शिकतो की मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही. १० मीटर ते ० मध्ये फुफ्फुसातली हवा दुप्पट होते, श्वास रोखलेला असेल तर फुफ्फुस फाटू शकतं. खाली जाताना कानाचं तसंच, दोन्ही हात स्कूटरवर अडकलेले, नाक धरायला हात मोकळा नाही, आणि पहिल्या काही मीटरमध्येच कानातल्या हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्याने बदलतं. त्यामुळे उतरणं आणि चढणं हे मोटर बंद करून, फिनवर, डाइव्ह कॉम्प्युटरवर नजर ठेवून. स्कूटर फक्त आडव्या प्रवासाला. आणि बंद पडलेली परत चालू करायची तर आधी थांबा, आडवे व्हा, दोन शांत श्वास घ्या, तोंड समोर करा, मग सगळ्यात हळू गिअरला ट्रिगर.

बडीबद्दल, म्हणजे सोबतच्या डायव्हरबद्दल, थोडक्यात. ज्याची स्कूटर हळू तो पुढे, वेगवान मागे, नाहीतर दहा सेकंदांत एकमेकांना हरवाल. एकाची बंद पडली तर दुसऱ्याने ओढून आणायचं, तेव्हा मागच्याने पुढच्याच्या क्रॉच स्ट्रॅपच्या मागच्या डी-रिंगला धरायचं आणि बंद स्कूटर आपल्या मागे क्लिप करायची. हे उथळ पाण्यात दोघांनी आलटून पालटून करून बघा, पहिल्यांदा नीट जमत नाही, दोघांचे पाय एकमेकांत येतात. आणि एका स्कूटरवर दोघं असताना बॅटरी पण जास्त खर्च होते, हा हिशोब तो एक तृतीयांश राखीव ठेवताना धरलेला असू द्या.

माझ्या स्कूटरचं पुढे असं झालं की तार निघाली, सॉकेट बदललं, दोरी आखूड केली, तेव्हापासून ती एकदाही मध्ये थांबली नाही, आणि जुनी बॅटरी पण टाकीत नव्या बॅटरीच्या बरोबरीने चालते. पण तारेने सील थोडं कापलं होतं ते मला पुढच्या डाइव्हनंतर कळलं, आत चमचाभर पाणी होतं. तेव्हापासून बॉडीत पुढे एक आणि मागे एक कोरडा टिश्यू ठेवतो, मागचा ओला झाला तर शाफ्टचं सील, पुढचा ओला झाला तर झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी), शोधाशोध वाचते. ओ-रिंगवर एक केस आडवा आला तरी पाणी शिरतं, त्यामुळे बोटाने सगळीकडे फिरवून बघा, खाचेतून काढायला धातूची टोकदार वस्तू वापरू नका, आणि ग्रीस कंपनीने सांगितलेलंच, नुसती चमक येईल एवढंच, जास्त लावलं की वाळू धरून ठेवतं. उन्हात तापलेली स्कूटर लगेच थंड पाण्यात टाकू नका, आतली हवा आकसते आणि कच्च्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. गळती बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन मीटरवरच सुरू होते कारण खोलीवर दाबच ओ-रिंगला घट्ट बसवतो, म्हणून उतरताना तिथे अर्धा मिनिट थांबून बुडबुडे येतायत का ते बघतो.

खाली असताना स्कूटर एकदम जड वाटायला लागली तर पाणी भरतंय. तिला वाचवायच्या नादात बीसीडीत हवा भरत वर यायचं नाही, ती मध्येच हातातून सुटली तर तुम्ही बुचासारखे वर फेकले जाल. मोटर बंद, क्लिप काढा, सोडून द्या, खाली कोणी नाही एवढं बघून. स्कूटर गेली तर गेली.

आणि वर आलेल्या ओल्या बॅटरीला चार्जर लावायचा नाही, वाळवून पण नाही, ती वरून बरी दिसत असली तरी मिठाचं पाणी सेलच्या मध्ये शिरलेलं असतं आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पण ती तापून पेट घेऊ शकते. ज्यांच्याकडे जुनी लेड-ॲसिडवाली आहे त्यांनी चार्ज करताना बॉडी उघडी ठेवायची, चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि बंद बॉडीत साचला तर एक ठिणगी पुरते. लिथियमची भिजलेली बॅटरी घरात किंवा गाडीत ठेवू नका, उघड्यावर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवा, आणि तिथून थेट लिथियम बॅटऱ्या घेणाऱ्यांकडेच द्या, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.